प्रमिला सिस्टरची हलकी गाडी

प्रमिलाताईंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्यांचे फक्त पाय दिसत होते.

गारखेड्यात आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. अर्धं सामान अजून खोक्यांत होतं. सकाळी दूध आणायला म्हणून निघाले, तर शेजारच्या बंगल्याच्या पोर्चमध्ये एक लालभडक, बुटकी, दोन माणसांची गाडी उभी होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. पांढरे मोजे, मोतिया रंगाची सलवार. पाय वयस्कर बाईचे होते आणि हलत नव्हते. माझ्या हातातली किटली खाली पडली आणि मी अशी काही किंचाळले की समोरच्या घरातले पवारकाका तोंडात ब्रश धरून धावत आले.

"ओरडू नको गं," गाडीखालून आवाज आला. "जिवंत आहे मी. नवीन आलीस ना राहायला? ती बॅटरी जरा पायाशी सरकव."

मी बॅटरी सरकवली. पवारकाका ब्रश काढून म्हणाले, "हे रोजचंच आहे. सिस्टर आहेत त्या."

सरकारी दवाखान्यात प्रमिलाताईंचा सगळा जन्म ऑपरेशन थिएटरमध्ये गेला होता. लग्न केलं नव्हतं. माहेर गंगापूरच्या पुढचं, उसाचं, मोठ्या बारदान्याचं. निवृत्त झाल्यावर बाकीच्या सिस्टरांनी तीर्थयात्रा केल्या, नातवंडं सांभाळली. ताईंनी ही गाडी घेतली. चिकलठाण्याच्या एका कारखानदाराच्या मुलाची ती हौस होती. मुलगा परदेशी गेला आणि गाडी ताडपत्रीखाली गंजत पडली. कारखानदाराच्या आईचं ऑपरेशन ताईंच्या टेबलावर झालं होतं, त्या ओळखीनं गाडी ताईंच्या दारात आली. ती आली तेव्हा बंद होती, असं सगळी गल्ली सांगते. ताईंनी ती चालू केली.

का घेतली, असं मी एकदा विचारलं. "लहान आहे म्हणून," त्या म्हणाल्या. "मला झेपते."

बाई बोलायला फटकळ. गोडवा शोधायला गेलं तर हाती लागायचा नाही. माझ्या सासूबाईंचा गुडघा दुखायचा, त्यांना तोंडावर म्हणाल्या, "वजन उतरवा, गुडघा काय मला विचारून दुखतो का?" निम्मं शहर त्यांना ऑपरेशनवरून ओळखू यायचं. कट्ट्यावर बसल्या की समोरून जाणाऱ्या भारदस्त माणसाकडं बघून पुटपुटायच्या, "हर्निया चालला बघ. टाके काढताना रडला होता." मी हसले की मात्र गंभीर व्हायच्या. "हसू नको. त्याला लई दुखत होतं."

पण गाडीपाशी गेल्या की त्या वेगळ्या बाई व्हायच्या. तिथं थट्टा चालायची नाही.

सुरुवातीला त्यांनी गाडी जालना रोडवरच्या एका गॅरेजात दिली होती. गाडी जमिनीला इतकी टेकलेली की नेहमीचा जॅक तिच्याखाली जाईना. पोरांनी मग दिसेल तिथं, तळाच्या पत्र्यालाच जॅक लावला आणि उचलली. पत्रा पापडासारखा आत गेला. "कचऱ्याच्या डब्यासारखी उचलली मेल्यांनी," ताई सांगायच्या. त्या दिवसापासून गाडी घरीच उचलायची, असं त्यांनी ठरवलं. आणि ठरवलं म्हणजे थिएटर मांडावं तसं मांडलं. पोर्चचा उतार काढून पक्कं काँक्रीट करून घेतलं. ते सपाट झालं की नाही हे बघायला सलाईनच्या लांब नळीत पाणी भरलं आणि तिची दोन टोकं दोन कोपऱ्यांत धरून गवंड्याची सगळी दुपार घालवली. त्याला एक कोपरा पुन्हा करायला लावला.

मग प्रत्येक वेळचा तोच क्रम. आधी गाडी दोन जाड फळ्यांवर चढवायची, म्हणजे ती जराशी वर येते आणि ट्रॉली जॅक खाली सरकतो. हँडब्रेक ओढायचा, गिअर टाकायचा, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून मागून लाकडी ठोकळे लावायचे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, कारण वर उचललेल्या गाडीला पान्यानं हिसके द्यायचे नसतात. जॅक लावायचा तो दाराखालच्या पट्टीत जिथं पोलाद जाड केलेलं असतं तिथंच, आणि मध्ये रबराची जाड चकती. जॅकच्या चाकांना सरकायला जागा ठेवायची, नाहीतर गाडी वर जाताना जॅक तिरका होतो. वर गेली की तीन पायांचा लोखंडी स्टँड लावायचा आणि जॅक सोडून गाडीचं वजन त्या स्टँडवर बसवायचं. काढलेलं चाकसुद्धा आडवं करून गाडीखाली सरकवून ठेवायचं. एवढं झालं की दोन्ही हातांनी गाडी गदगदा हलवायची. हलली नाही, तर मग कुंपणाशी येऊन मला, आम्ही यायच्या आधी पवारकाकांना, हाक मारायची, "माधुरी, खाली चालले गं!" मी "बरं" म्हटल्याशिवाय त्या खाली जायच्या नाहीत. मी घरात नसले तर त्या दिवशी काम बंद.

"जॅक उचलतो. धरत नाही," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणेन.

पवारकाका चिडवायचे. "सिस्टर, खेळण्याएवढी तर गाडी. चार माणसं हातानं उचलतील. एवढी हलकी गाडी अन् एवढा थाट!"

"हलकी म्हणजे कुणापेक्षा?" ताई म्हणायच्या. "रस्त्यावर हलकी. छातीवर नाही. उलट हलकी गाडी लवकर डोलते, जड गाडी निदान बसून राहते."

मला वाटायचं, बाईच्या आयुष्यात असं काहीतरी घडलेलं असणार. कुणीतरी जवळचं गाडीखाली गेलं असणार. एकदा धीर करून विचारलंच. त्या पाना पुसत होत्या. हात थांबला आणि त्यांनी माझ्याकडं खरोखरच नवल वाटल्यासारखं पाहिलं.

"काही नाही घडलं," त्या म्हणाल्या. "घडायलाच पाहिजे का आधी?"

आणि मग घडलं.

ताईंचे धाकटे भाऊ दत्ताभाऊ गंगापूरहून यायचे. आडवा उंच माणूस, मोठा आवाज, पांढरे कपडे. गावात त्यांच्या शब्दाला मान. बहिणीच्या गाडीची त्यांना लाज वाटायची आणि लपवताही यायची नाही. "अक्का, इक ते डबडं," म्हणायचे. "लोक इचारतेत, तुमची अक्का फिटर झाली व्हय?" अक्का ऐकून घ्यायची आणि त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढायची.

त्या दिवशी ते थोरल्या मुलीच्या साखरपुड्याचं सांगायला आले होते. ताईंनी गाडीचं पुढचं डावं चाक काढलं होतं. जॅकवर गाडी उचललेली, काढलेलं चाक आडवं करून खाली सरकवलेलं, स्टँड हातात घेतलेला, एवढ्यात फाटक वाजलं. भाऊ आला. मुलीचं जमलं. ताईंच्या तोंडावर एवढं हसू मी तोवर पाहिलं नव्हतं. स्टँड तिथंच जमिनीवर ठेवून त्या चहा टाकायला आत गेल्या.

मी कुंपणाशी कपडे वाळत घालत होते. दत्ताभाऊ गाडीभोवती फिरले, वाकले, रबराची एक चकती गाडीखाली गेलेली त्यांना दिसली. ती काढायला ते गुडघ्यावर बसले, मग आडवे झाले, खांद्यापर्यंत आत गेले. मी म्हणाले, "भाऊ, थांबा, ताईंना येऊ द्या." ते आतून हसले. "तुमच्या ताईचं काय सांगता..."

आत सरकायला त्यांनी गाडीची कड हातानं धरून अंग ओढलं. गाडी डोलली. जॅक वाकडा झाला.

आवाज फार मोठा नव्हता. मोठा पाट पडल्यासारखा. मला आधी कळलंच नाही. गाडी एका बाजूला खाली बसली होती, पांढऱ्या धोतराचे पाय जमिनीवर आपटत होते आणि आवाज असा काही येत नव्हता. मोठ्या आवाजाचा तो माणूस, त्याचा श्वासच निघत नव्हता. आडवं ठेवलेलं चाक होतं म्हणून गाडी पुरती खाली आली नव्हती. चाकाच्या जाडीएवढ्या फटीत दत्ताभाऊंचा खांदा आणि छाती अडकली होती.

मी किंचाळले. पवारकाका आले, कोपऱ्यावरचे रिक्षावाले सलीमभाई आले, रस्त्यानं जाणारे आणखी तिघं-चौघं आले. "हलकीच आहे, उचला रे!" पवारकाका ओरडले आणि सगळ्यांनी गाडीला हात घातले.

"हात काढा!"

ताई दारात होत्या. असला आवाज मी बाईच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. सगळ्यांचे हात निघाले.

"एकाचा हात सुटला तर ती चाकावरून घसरेल. कुणी शिवायचं नाही." मग खाली वाकून, "दत्ता, मी आले. बोलू नको. छोटे छोटे श्वास घे."

"अक्का... काढ..."

"काढते. थांब."

त्यानंतरचं मला आजही जसंच्या तसं आठवतं. ताई धावल्या नाहीत. आधी मागच्या चाकांचे ठोकळे पायानं आत दाबून पाहिले. कलंडलेला जॅक दांड्याला धरून ओढून काढला. सलीमभाई म्हणाले, "बोलो सिस्टर, क्या करना?" त्यांच्याकडून फळी सरळ करून घेतली. पुढून, गाडीच्या आडव्या जाड लोखंडाखाली जॅक घातला, पाहिला, आवडला नाही, बाहेर काढला, पुन्हा घातला. खाली भाऊ कण्हत होता. पवारकाका रडवेले होऊन ओरडत होते, "अहो मरतोय तो! लाकडं काय मांडताय!" ताईंनी मान वर केली नाही.

जॅकचा दांडा खालीवर होऊ लागला. गाडी उचलली गेली. दत्ताभाऊंना श्वास मिळाला आणि त्यासरशी ते ओरडले. पवारकाकांनी त्यांचे पाय धरले.

"पाय सोडा!" ताई म्हणाल्या. त्यांनी स्टँड उचलला, गाडीखाली जागेवर ठेवला, खीळ घातली. आणि मग त्यांनी जॅक सोडला.

गाडी खाली आली.

आम्ही सगळे ओरडलो. मी डोळे मिटले. दत्ताभाऊंची किंकाळी अजून माझ्या कानांत आहे. लोखंडावर लोखंड बसल्याचा खट्ट आवाज आला आणि सगळं थांबलं. गाडी बोटभर खाली येऊन स्टँडवर बसली होती.

"आता ओढा," ताई म्हणाल्या. "हातांना धरू नका. चादर घाला खाली. मान सरळ. सावकाश."

ओढताना पवारकाकांचा पाय जॅकच्या दांड्याला लागला आणि जॅक सरकून बाजूला गेला. गाडी जागची हलली नाही. हे बहुतेक मी एकटीनंच पाहिलं.

ॲम्ब्युलन्स आली. गळपट्टीचं हाड मोडलं होतं, बरगड्यांना मार होता, पण माणूस वाचला. ॲम्ब्युलन्सचं दार लागेपर्यंत ताई भावाचा हात धरून त्याची नाडी बघत होत्या. दार लागलं, सलीमभाईंनी आपली रिक्षा वळवायला घेतली, तेवढ्यात ताई घराच्या मागं गेल्या. मी मागोमाग गेले. त्या न्हाणीच्या पायरीशी ओकत होत्या. हात असे थडथडत होते की तांब्या धरता येईना. मी पाणी घातलं.

"कुणाला सांगू नको," त्या म्हणाल्या. पदरानं, म्हणजे ओढणीनं, तोंड पुसलं आणि रिक्षात जाऊन बसल्या.

मला वाटलं, सुटलो. सगळं नीट झालं. पुढचा धक्का त्याहून मोठा होता, आणि तो दवाखान्यात बसला. मी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले. दत्ताभाऊ पट्ट्यांत बांधलेले, उशाला त्यांची बायको, कौसल्यावहिनी. ताई खाली औषधं आणायला गेल्या होत्या. भाऊ छताकडं बघत म्हणाले,

"तिनं गाडी खाली सोडली."

मला कळेना.

"मी खाली व्हतो. वर व्हती गाडी, मला श्वास आल्ता. अन् अक्कानं सोडली. माझ्या डोळ्यांनी बघितलं मी, लोखंड खाली येताना. माझी सख्खी अक्का."

मी समजवायला गेले. त्यांनी तोंड फिरवलं. गल्लीत पवारकाका तेच सांगत होते, "बाईनं भावावर गाडी सोडली हो, दगडाचं काळीज!" गंगापूरला ते पोचेपर्यंत त्याला आणखी पाय फुटले. साखरपुडा झाला. ताईंना बोलावणं आलं नाही.

मी संतापले. म्हणाले, "तुम्ही सांगत का नाही? स्टँडवर वजन बसवायला सोडावीच लागते म्हणून?"

त्या कट्ट्यावर भाजी निवडत होत्या. आणखी एक जुडी सोडली. मग म्हणाल्या, "खालनं वेगळं दिसतं गं. तो खाली होता. मी वर होते."

"पण तुम्ही बरोबर होतात!"

"सोडली ते बरोबरच होतं. आधी स्टँड न लावता चहा टाकायला गेले, ते चुकलं. त्याला सांगायला गेले तर आधी हे सांगावं लागेल. ते मी सांगितलंय. तो म्हणाला, ते नाही विचारत मी." त्यांनी देठं बाजूला केली. "मग त्याला जे विचारायचं होतं, का सोडली म्हणून, ते त्यानं विचारलंच नाही."

गाडीचं काम त्यांनी थांबवलं नाही. ते चाक चढवलं, ब्रेक नीट केले. मला पूर्वीसारखीच हाक यायची. फक्त स्टँड लावल्यावर आताशा त्या जरा वेळ नुसत्या बघत उभ्या राहायच्या.

हिवाळ्यात एका पहाटे आमच्याकडं नळाला पाणी येण्याचा दिवस होता. आमच्या भागात पाणी यायचं म्हणजे सगळी गल्ली उठलेली असते, पाण्याच्या मोटारींचा आवाज, बादल्यांचा आवाज. ताईंचा ड्रम भरून वाहू लागला आणि पाणी फाटकाबाहेर आलं. एवढं पाणी वाया घालवणारी बाई नव्हती ती. मी आत गेले. त्या ड्रमशेजारी भिंतीला टेकून बसल्या होत्या, हातात नळी. डोळे उघडे होते. मी बोलले, मग खांद्याला हात लावला.

हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. ज्या बाईनं प्रत्येक गोष्टीखाली आधार लावून ठेवला, ती अशी पाणी भरता भरता गेली, हे माझ्या डोक्यात अजून शिरत नाही.

दत्ताभाऊ आले. अंत्यविधी झाला, माणसं पांगली. ते पोर्चमध्ये गाडीकडं बघत उभे होते. डावा खांदा अजून जरा खाली उतरलेला. मला हाक मारून म्हणाले, "तुम्ही व्हता तिथं. खरं सांगा. का सोडली तिनं?"

तोंडानं सांगून काही व्हायचं नव्हतं. मी जॅक आणला. मी ताईंना इतक्यांदा बॅटरी धरली होती, की माझे हातच चालत गेले. गाडी फळ्यांवर होतीच. ठोकळे लावले, जॅक खाली सरकवला, दांडा मारला. गाडी उचलली गेली. स्टँड ठेवला, खीळ घातली.

"आता भाऊ, ही जॅकवर आहे," मी म्हणाले. "पवारकाकांचा पाय त्या दिवशी ह्याच दांड्याला लागला होता. तुम्हाला ओढताना. जॅक निसटला होता."

दत्ताभाऊ गुडघ्यावर बसले. मग दुखरा खांदा सांभाळत, गाल फरशीला टेकेपर्यंत खाली वाकले आणि गाडीखाली बघू लागले. मी जॅक सोडला. गाडी बोटभर खाली आली. खट्ट झालं.

"एवढंच?" खालून आवाज आला.

"एवढंच."

मग मी जॅक ओढून पार बाजूला नेला आणि गाडीला हात लावून हलवली. ती स्टँडवर बसून राहिली. भाऊ तसेच पडून होते. मी म्हणाले, "तुम्हाला ॲम्ब्युलन्समध्ये घातल्यावर ताई मागं जाऊन ओकल्या. तांब्या धरवत नव्हता त्यांना."

ते उठले नाहीत. कपाळ फरशीला लावून ते हुंदके देत राहिले. कौसल्यावहिनी दारात आल्या, त्यांनी पाहिलं आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.

पण मला ताई आठवतात त्या जायच्या चार-सहा दिवस आधीच्या. कौसल्यावहिनी डोळे दाखवायला म्हणून एसटीनं शहरात आल्या होत्या. नवऱ्याला सांगितलं होतं, दवाखान्यातून थेट परत येते. त्या इथं आल्या. दोघींनी जेवण केलं आणि दुपारी ताईंनी गाडी बाहेर काढली, तिचं कापडी छत दुमडून मागं टाकलं. वहिनींना त्या खोल सीटमध्ये बसता येईना. आधी पाय, मग अंग, मग पुन्हा पाय, असं करून त्या एकदाच्या आत पडल्या आणि हसून हसून लाल झाल्या. "अक्का, जमिनीवरच बसल्यावाणी वाटतंय वो!"

ताईंनी त्यांचा पट्टा ओढून पाहिला. गाडी सुरू झाली. गच्चीतून मला त्या बीड बायपासकडं वळताना दिसल्या. वहिनींनी पदर दातांत धरला होता आणि दोन्ही हात वर केले होते. प्रमिलाताई ताठ बसून समोर बघत होत्या, आणि गाडीनं वेग घेतला.